बीए राज्यशास्त्र करताय? या चुका टाळा

दरवर्षी एफवायच्या पहिल्या तासाला मी विचारते, "राज्यशास्त्र का घेतलंत?" बहुतेकांचं उत्तर 'स्पर्धा परीक्षा' असतं. काहींना बारावीत हाच विषय त्यातल्या त्यात सोपा वाटलेला असतो. दोन्ही कारणांत वावगं काही नाही. पण पुढे मुलं अडतात त्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत, आणि अडचण हुशारीची नसते, वाचायच्या पद्धतीची असते.

कलम पाठ आहे, पण उत्तर दोन ओळींत संपतं

सगळ्यात मोठी चूक ही. अनुच्छेद ३२४ कशाशी संबंधित आहे, असं विचारलं की 'निवडणूक आयोग' हे उत्तर लगेच येतं. पूर्वपरीक्षेला तेवढं पुरतं. पदवीचा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू होतो: निवडणूक आयुक्तांची नेमणूक करणाऱ्या समितीत सरन्यायाधीश असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने केलेल्या कायद्यात त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री आले. याने आयोगाच्या स्वायत्ततेचं काय होतं? इथे पाठांतर संपतं.

यावर माझा एक उपाय आहे. प्रत्येक महत्त्वाच्या कलमाला महाराष्ट्रातली एक तरी खरी घटना जोडायची. अनुच्छेद ३५६ घ्या, म्हणजे राज्यात घटनात्मक यंत्रणा कोलमडली तर राष्ट्रपती राजवट लावायची तरतूद. आपल्याकडे राष्ट्रपती राजवट तीनदा आली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. इंदिरा गांधी केंद्रात परतल्या होत्या आणि एकाच वेळी नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित केल्या गेल्या. त्याआधी १९७७ मध्ये जनता सरकारने काँग्रेसच्या नऊ राज्यांत हेच केलं होतं. दोन्ही वेळी युक्तिवाद एकच: लोकसभेत हरलात, म्हणजे राज्यातही जनाधार राहिला नाही. २०१४ मध्ये निवडणूक तोंडावर असताना आघाडी तुटली, पृथ्वीराज चव्हाणांनी राजीनामा दिला आणि २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर राजवट राहिली. २०१९ मध्ये निकाल लागूनही कोणालाच सरकार बनवता येईना, म्हणून १२ नोव्हेंबरला ती लागली आणि २३ तारखेला पहाटे उठली.

आता वहीत एवढंच लिहा: 'घटनात्मक यंत्रणा कोलमडली' असं यांपैकी कोणत्या वेळी म्हणता येईल? मग १९९४ चा बोम्मई खटल्याचा निकाल उघडा. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सरकारचं बहुमत सभागृहात सिद्ध व्हायला हवं, राजभवनात नव्हे. आणि राजवटीच्या घोषणेची न्यायालय तपासणी करू शकतं. १९८० ची बरखास्ती या निकालानंतर झाली असती, तर ती टिकली असती का? याचं उत्तर कोणत्याही गाइडमध्ये तयार मिळणार नाही. ते लिहायला बसाल तेव्हा दीड पान भरलेलं तुमच्या लक्षातही येणार नाही.

शब्दच निसटतात

मराठी माध्यमातल्या मुलांचे इथे फार गुण जातात आणि याबद्दल कोणी नीट बोलत नाही. 'राज्य' हा एकच शब्द पाहा. अनुच्छेद १ मध्ये भारत हा राज्यांचा संघ आहे, तिथे राज्य म्हणजे महाराष्ट्र, गोवा, केरळ. अनुच्छेद १२ मध्ये मात्र राज्य म्हणजे केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं आणि स्थानिक संस्थासुद्धा. म्हणजे मूलभूत हक्कांच्या संदर्भात तुमची ग्रामपंचायतही 'राज्य' असते! आणि राज्याचे चार घटक म्हणजे लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व, असं आपण शिकवतो तेव्हा तिसराच अर्थ असतो. त्या अर्थाने भारत राज्य आहे, महाराष्ट्र नाही. मी मुलांना सांगते, महाराष्ट्राबद्दल लिहिताना 'घटकराज्य' लिहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरा घोटाळा हिंदी नोट्समुळे होतो. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ भरपूर मिळतात आणि त्यातले काही उत्तमही आहेत. पण हिंदीतले 'मौलिक अधिकार' म्हणजे आपले मूलभूत हक्क. मराठीत 'राष्ट्रपतींचे अधिकार' म्हटलं की पदाची सत्ता अभिप्रेत असते. एकाच उत्तरात दोन्ही मिसळले की 'नागरिकांचे अधिकार' आणि 'राज्यपालांचे अधिकार' एकाच पातळीवर येतात आणि वाचणाऱ्याला कळत नाही, तुम्हाला फरक समजलाय की नाही. 'राजनीति'चंही तसंच. आपल्याला म्हणायचं असतं राजकारण. वहीच्या शेवटच्या चार पानांवर स्वतःचा शब्दसंग्रह करा: एका बाजूला मराठी संज्ञा, शेजारी इंग्रजी संज्ञा, खाली एक वाक्याची व्याख्या. सरनामा, उद्देशिका, प्रास्ताविका हे एकच आहेत, हेही तिथेच लिहून ठेवा. टीवायपर्यंत ही पानं सगळ्यात जास्त उघडली जातील.

जुन्या झेरॉक्सवर विसंबणं

सीनियरच्या नोट्स वापराव्यात, पण तारीख बघून. पक्षांतरबंदीवर अजूनही उत्तरं येतात की एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता टळते. ती तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. आता दोन तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याने झालेल्या विलीनीकरणाचाच आधार उरतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात दोन मोठे पक्ष फुटलेले असताना ही चूक करणं परवडणारं नाही. राज्यघटनेचा मराठी मजकूर जवळ ठेवा आणि नोट्समधलं प्रत्येक कलम एकदा त्यात पाहून घ्या.

आपला पक्ष वर्गात आणणं

राजकीय मत असू नये असं मी कधीच म्हणणार नाही. घरी पंचायत समितीचं राजकारण असलेली मुलं वर्गात येतात तेव्हा चर्चेला जीव येतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा उत्तरपत्रिका भाषणासारखी वाचावी लागते. यावर एक कसोटी आहे. मे २०२३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा शिवसेनेतल्या फुटीबाबतचा निकाल घ्या. बहुमत चाचणी घ्यायला लावणारा राज्यपालांचा निर्णय न्यायालयाने चुकीचा ठरवला, पण चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलेलं सरकार परत आणता येणार नाही असंही सांगितलं. आता दोन्ही गटांच्या वकिलाच्या भूमिकेतून एकेक पान लिहा. जी बाजू तुम्हाला पटत नाही, ते पान जास्त चांगलं झालं पाहिजे. हे जमलं की तुमचं स्वतःचं मतही पक्कं होतं, कारण त्याच्याविरुद्धचं सगळ्यात भक्कम म्हणणं तुम्ही स्वतः मांडलेलं असतं.

विचारवंतांचा पेपर 'स्कोअरिंग नाही' म्हणून टाळणं

हॉब्ज, लॉक, रूसो या सामाजिक कराराचा सिद्धांत मांडणाऱ्या तिघा युरोपीय विचारवंतांवर येणारी उत्तरं वाचताना वाटतं की तिघे एकाच वर्गात बसून एकच सिद्धांत लिहीत होते. प्रत्येकाची भीती वेगळी होती, तिथून सुरुवात करा. हॉब्जचं पुस्तक आलं १६५१ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याला यादवीची भीती होती, म्हणून त्याने सगळी सत्ता एका हाती दिली. लॉकला भीती होती ती निरंकुश राजाची. म्हणून जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क आधी आणि त्यांवर घाला घालणारं शासन बदलण्याचा हक्क नंतर. रूसोला माणूस परावलंबी आणि विषम होत चाललेला दिसत होता, त्यातून सामूहिक ईहा (जनरल विल, म्हणजे सगळ्यांच्या हिताची सामायिक इच्छा) आली. असं वाचलं की पाठ करावं लागत नाही. महात्मा फुल्यांकडे आणि बाबासाहेबांकडेही याच प्रश्नाने जा: यांना काय सलत होतं? संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं भाषण पूर्ण वाचा, त्यातले सगळीकडे फिरणारे तीन परिच्छेद नव्हे.

प्रोजेक्ट नेटवरून उतरवणं

ही चूक पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याच्या दारात जे साहित्य आहे ते दिल्लीच्या विद्यार्थ्याला प्रवास करून मिळवावं लागतं. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. तुमच्या गावात सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, असं झालं होतं का? मासिक सभेत काय झालं, कोणते ठराव अडले? ग्रामसेवकांकडे इतिवृत्ताची वही असते, ती पाहायची रीतसर परवानगी मागा. २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेला जाऊन बसा. किती बायका आल्या, किती बोलल्या, एवढं मोजलंत तरी चालेल. शहरात राहत असाल तर वॉर्ड, नगरसेवक आणि पाण्याची टाकी आहेच.

आणि पुढचं

हजेरी, इंटर्नल, क्रेडिट यांकडे दुर्लक्ष करू नका; एटीकेटी घेऊन टीवायला आलं की अभ्यासाला वेळ उरत नाही. इंग्रजी वाचन रोज एक पान तरी ठेवा, कारण एमएच्या बऱ्याच प्रवेश परीक्षा आणि संदर्भ इंग्रजीत आहेत.

यूपीएससीला हा विषय वैकल्पिक म्हणून घेता येतो, प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर, आणि ते मराठीतही लिहिता येतात. मात्र त्यासाठी बीएच्या पहिल्या वर्षापासून क्लास लावायची गरज नाही.

टीवायला पोचलात आणि दोन वर्षं गाइडवरच गेली, असं आता जाणवत असेल, तर सगळं पहिल्यापासून धरू नका. मूलभूत हक्कांची कलमं १२ ते ३५ मुळातून वाचा, केशवानंद भारती (घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही, असं सांगणारा) आणि बोम्मई हे दोन निकाल समजून घ्या, तीन विचारवंत निवडा आणि दर रविवारी हाताने एक पूर्ण उत्तर लिहून शिक्षकांना दाखवा. दिवाळीच्या सुट्टीपासून धरलंत तरी मार्चपर्यंत पंधराहून जास्त उत्तरं तपासून होतात.