दुखापतीनंतर पिलाटेस करताय? या चुका टाळा

पाठदुखीने बेजार झालेल्या माणसाला मॅटवर आडवं करून नुसतं "पोट आत घ्या" म्हणा. तो श्वास रोखतो, बरगड्या वर काढतो, जबडा आवळतो आणि बेंबी पाठीला टेकवायला बघतो. त्याला वाटतं, आता व्यायाम सुरू झाला. खरं तर गडबड इथेच सुरू झालेली असते.

जोसेफ पिलाटेसने आपल्या व्यायामपद्धतीला 'कंट्रोलॉजी' असं नाव दिलं होतं. 'पिलाटेस' हे नाव मागाहून रूढ झालं. म्हणजे मूळ नावातच नियंत्रण आहे. दुखापतीतून उठून मॅटवर येणाऱ्यांच्या बहुतेक चुका मला एकाच प्रकारच्या दिसतात. नियंत्रणाचं काम ते जोराने करायला जातात.

पोटाचंच बघू. पोटाचा सगळ्यात आतला स्नायू कमरपट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला असतो. त्याला जागं करायला फार थोडा ताण पुरतो. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन हाडांची टोकं हाताला लागतात, त्यांच्या किंचित आत दोन-दोन बोटं ठेवा. श्वास सोडताना लघवी थांबवल्यासारखी हलकी पकड घ्या. बोटांखाली कापड ताणल्यासारखं जाणवलं तर बरोबर. पोट फुगून बोटं वर ढकलली गेली तर जोर जास्त झाला. ही पकड ठेवून सहज बोलता आलं पाहिजे. बोलताना दम अडकत असेल तर ताण निम्मा करा.

दुसरी चूक, कंबर सतत जमिनीला दाबून ठेवणं. कमरेला नैसर्गिक बाक असतो आणि झोपल्यावर तिच्याखाली थोडी पोकळी राहते, ती राहू द्यावी. दोन्ही पाय हवेत असताना कंबर वर उचलली जात असेल, तर सुरुवातीला ती टेकवून ठेवायला हरकत नाही. पण पोटात ताकद येईपर्यंतची ती सोय आहे. चालताना, ओझं उचलताना कंबर अशी सपाट नसते.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, ती. सरसकट सगळे व्यायाम करणं. पिलाटेसच्या १९४५ सालच्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत आणि त्यातल्या बऱ्याच व्यायामांत पाठ पुढे गोल करावी लागते. निरोगी पाठीला ते चालतं. पण सरकलेल्या मणक्याच्या गादीमुळे पायात कळ जात असेल, तर अनेकांची कळ पुढे वाकल्यावरच भडकते. हाडं ठिसूळ झालेल्यांनी तर 'रोल-अप' (झोपलेल्या स्थितीतून पाठ गोल करत उठून बसणं) आणि गोल होऊन मागेपुढे लोळण्याचे प्रकार सोडूनच द्यावेत. वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो आणि तिथेच तो दबून मोडू शकतो. उलट, मणक्यातली नळी अरुंद झालेल्यांना बहुधा मागे झुकल्यावर त्रास होतो, त्यांनी 'स्वान' (पालथं झोपून छाती वर उचलण्याचा व्यायाम) जपून करावा. म्हणून पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला हे सांगाच: वाकल्यावर दुखतं की मागे झुकल्यावर? त्याने स्वतःहून हे विचारलं नाही, तर मला तो प्रशिक्षक दुखापतीसाठी योग्य वाटत नाही.

'हंड्रेड' (पाठीवर झोपून, डोकं उचलून हात खाली-वर हलवण्याचा व्यायाम) करताना मान भरून येते, ही तक्रार तर नेहमीची. डोकं पोटाच्या ताकदीने उचलायचं असतं, आपण ते मानेने ओढतो. हनुवटी आणि छाती यांच्यात छोटा चेंडू मावेल एवढी जागा ठेवून बघा. तरीही मान दुखली तर डोकं खाली ठेवा आणि हात व श्वास चालू ठेवा. पोटाचं काम थांबत नाही आणि मान सुटते.

रिफॉर्मरवर (स्प्रिंगांना जोडलेली सरकती गाडी असलेलं पिलाटेसचं यंत्र) स्प्रिंग कमी केली की व्यायाम सोपा होतो, असं समजू नका. काही हालचालींत हलक्या स्प्रिंगवर गाडी जास्त डळमळते आणि सावरायला उलट जास्त ताकद लागते. नवख्याला अशा ठिकाणी थोडी जड स्प्रिंगच आधार देते.

दुखणं किती चालतं? ० ते १० अशा मापात ३ पर्यंतचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमणारं दुखणं साधारण चालतं. सकाळी ते वाढलेलं असेल तर आवर्तनं निम्मी करा, हालचाल छोटी करा. पायातली कळ मागे सरून कमरेपाशी येत असेल तर बहुधा चांगलं लक्षण. पावलाकडे उतरत असेल तर तो व्यायाम बंद. बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम सोडून लगेच रुग्णालय गाठा.

आणखी एक. पिलाटेस लावलं म्हणून फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सोडू नका. पाठदुखीत काहीच न करण्यापेक्षा पिलाटेसचा फायदा अभ्यासांत दिसलेला आहे, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

शरीराची ठेवण सुधारायची म्हणून दिवसभर खांदे मागे ओढून बसणारेही भेटतात. संध्याकाळी त्यांच्या पाठीला हात लावला तर मानेपासून खांद्यांपर्यंत गाठी लागतात. कोणतीही एकच स्थिती तासन्‌तास धरली की अंग आंबतं, मग ती कितीही ताठ असो. अर्ध्या तासाने उठा, दोन्ही हात डोक्यावर नेऊन बरगड्या पसरतील असा श्वास घ्या, सावकाश सोडा आणि मग हवं तसं बसा.