ॲक्च्युएटर लिमिटला टेकतोय? मग सगळे एजंट एकत्र आणायचे कसे

मल्टिएजंट कंट्रोल (बरेच रोबोट, म्हणजे एजंट, शेजाऱ्यांशी बोलून एकत्र येतात तो प्रकार) सिम्युलेशनमध्ये झक्कास चालतो आणि खऱ्या रोबोटवर टाकला की बोंबलतो, कारण आपण धरून चाललेलो असतो की मोटर, म्हणजे ॲक्च्युएटर, मागू तेवढं देईल. ती देत नाही. मग ती मर्यादा मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या (ड्रायव्हरच्या) भरवशावर सोडू नका, कंट्रोल लॉमध्येच (कुणी किती हलायचं ते ठरवणाऱ्या सूत्रातच) लिहा.

आधी एकटा एजंट कसाय ते बघा. त्याचा एखादा पोल उजव्या बाजूला असेल (म्हणजे सोडून दिला तर तो आपोआप भरकटत जात असेल) तर ठराविक हद्दीपलीकडून तो परत येणारच नाही, शेजाऱ्यांशी कितीही बोलूदे. सिंगल, डबल इंटिग्रेटर (आपण थेट वेग किंवा ॲक्सिलरेशन देतो असा) असेल तर टेन्शन नाही. तीन किंवा जास्त इंटिग्रेटरची साखळी असेल तर साधा लिनियर गेन (फरकाला ठराविक आकड्याने गुणणं) लावून वरून लिमिटला कापलं की कुठूनही सुरू केलं तरी जमेल असं होत नाही, हे कंट्रोल संशोधक फुलरनी १९६९ मध्येच दाखवलंय, तिथे टीलची १९९२ ची नेस्टेड सॅच्युरेशनवाली (एका कापणीच्या आत दुसरी कापणी अशी) पद्धत बघा.

आता खरी गोम. समजा मधे एक रोबोट, त्याला चार शेजारी, चारही एकाच दिशेला १० मीटरवर, गेन १, प्रत्येकाची स्पीड लिमिट २ मीटर प्रति सेकंद. मधल्याची मागणी चौघांची मिळून येते ४०, मिळतात २. शेजाऱ्यांची मागणी १०-१०, त्यांनाही २-२. म्हणजे एकीकडे २ आणि उलट दिशेला एकूण ८, झालं, सगळ्यांच्या जागांची सरासरी सरकली! सगळे एकत्र येतील, पण भलत्याच जागी. कुठेही भेटले तरी चालणार असेल तर हे सोडून द्या, पण सरासरीच हवी असेल तर बेरीज कापायची नाही, प्रत्येक लिंकची (शेजाऱ्यांच्या जोडीची) मागणी वेगळी कापायची.

लिंकची मर्यादा काढायची अशी: दोन्ही टोकांनी आपापली लिमिट भागिले आपल्या शेजाऱ्यांची संख्या हा आकडा एकमेकांना सांगायचा आणि त्यातला लहान घ्यायचा. इथे मधल्याचा २ भागिले ४ म्हणजे ०.५, शेजाऱ्याचा २ भागिले १ (त्याला मधलाच काय तो शेजारी) म्हणजे २, तर लिंकला ०.५. दोन्हीकडून सारखंच कापलं जातं म्हणून सरासरी हलत नाही (लिंक दुतर्फा हवी हां, एकतर्फी असेल तर हा हिशोब बसत नाही). शेजाऱ्यांची पाऊण ताकद वाया जाते हे खरंय, पण मला ते परवडतं.

लीडर (बाकीचे, म्हणजे फॉलोअर, ज्याच्या मागे जातात तो) असेल तर त्याची स्वतःची ॲक्सिलरेशन फॉलोअरच्या लिमिटपेक्षा कमीच ठेवा, मी निम्म्यावर ठेवतो, कारण उरलेल्या निम्म्यातच मागे पडलेल्याला गाठायचं असतं. कंट्रोलरमध्ये इंटिग्रल टर्म (एररची बेरीज करत जाणारा भाग) असेल तर ॲंटी-वाइंडअप (लिमिटला टेकल्यावर ती बेरीज रोखणारी सोय) लावाच, नाहीतर लिमिटला टेकलेला एजंट एरर साठवत बसतो, मग ओव्हरशूट करतो (ठरलेल्या जागेच्या पुढे जातो) आणि शेजाऱ्यांनाही ओढत नेतो.

टेस्ट करताना एजंट मुद्दाम लांब-लांब ठेवून सुरू करा आणि एकाची लिमिट निम्मी करून बघा, जवळजवळ ठेवले तर कुणी लिमिटला टेकतच नाही आणि उगाच वाटतं सगळं ओके आहे.