जोखड, तास आणि जीआरईचे शब्द

सब्जुगेट हा शब्द मी जीआरईच्या क्लासच्या यादीतून तीन वेळा पाठ केला आणि तिन्ही वेळा आठवडाभरात तो डोक्यातून गेला. यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, वश करणे, अंकित करणे. मग एका रविवारी गावी सोप्यात बसून मी शब्दकोशात त्याची व्युत्पत्ती बघितली. लॅटिनमध्ये सब म्हणजे खाली आणि जुगुम म्हणजे जू. समोर अंगणात आप्पा बैलांच्या मानेवर जूच ठेवत होते. जुवाखाली आणणं, म्हणजे सब्जुगेट. लॅटिन जुगुम आणि संस्कृत युग ही एका मुळाची भावंडं, आणि आपलं जू त्या युगावरूनच आलेलं. त्या दिवसानंतर तो शब्द मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

माझं गाव करवीर तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कोल्हापुरात इंजिनिअरिंग. परदेशात एमएस करायचं ठरवलं, त्यासाठी जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यायची होती. तिच्यातल्या गणिताची धास्ती नव्हती, धास्ती होती ती व्हर्बलची, म्हणजे इंग्रजीच्या भागाची. पहिल्या सराव परीक्षेत मला 141 मिळाले, सात महिन्यांनी खऱ्या परीक्षेत 156. मधल्या काळात काय केलं ते इथे सांगते आहे, मुख्यतः मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी. आपल्याकडे शब्दच नाहीत असं त्यांना वाटतं, मलाही वाटायचं. शब्द आहेत, पण मराठीत आहेत. परीक्षेच्या प्रत्येक शब्दाला आपल्या घरातला, रानातला, पेठेतला शब्द नेऊन भिडवायचा, एवढंच काम बाकी असतं. ते वेळखाऊ आहे, पण अवघड नाही.

आधी परीक्षेबद्दल थोडं, कारण तयारीची दिशा त्यावरच ठरते. सप्टेंबर 2023 पासून जीआरई लहान झाली. आता ती दोन तासांच्या आत संपते. व्हर्बलचे दोन भाग असतात, पहिल्यात 18 मिनिटांत 12 प्रश्न, दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. गुण 130 ते 170 मध्ये मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे. उरलेल्यांत एक प्रकार रिकाम्या जागांचा. त्यात एक, दोन किंवा तीन जागा असतात, आणि सगळ्या बरोबर आल्या तरच गुण. दुसऱ्या प्रकारात एकच रिकामी जागा आणि सहा पर्याय. त्यातले असे दोन निवडायचे की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ एकच राहील.

ऑगस्ट 2011 पूर्वी या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारत. वाक्य नाही, संदर्भ नाही, नुसता शब्द. तेव्हा याद्या घोकण्याला काही अर्थ होता. ते प्रश्न गेले, याद्या मात्र मागे राहिल्या आणि अजून फिरताहेत. मी ज्या क्लासला जात होते तिथे पहिल्याच दिवशी साडेतीन हजार शब्दांची झेरॉक्स हातात दिली आणि रोज शंभर करा म्हणून सांगितलं. मी दीड महिना ते प्रामाणिकपणे केलं. दीड महिन्यानंतर पहिल्या पानावरचे शब्द मला नव्यासारखे वाटत होते. हा माझ्या बुद्धीचा दोष आहे असं समजून मी फार रडले, आणि हे मुद्दाम लिहिते, कारण तशीच रडणारी मुलं मी नंतर पाहिली आहेत. दोष पद्धतीचा होता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून आपण किती विसरतो ते मोजलं आणि 1885 साली प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगाने होतं, नंतर वेग मंदावतो. अर्थाशिवाय पाठ केलेला शब्द त्या निरर्थक अक्षरांसारखाच असतो. त्याला अर्थ चिकटवायचा आणि निसटायच्या बेतात असताना पुन्हा गाठायचा, हे दोन उपाय मला लागू पडले.

पुन्हा गाठण्यासाठी मी चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1970 च्या दशकात ही युक्ती लोकांपुढे मांडली होती. चिठ्ठ्या कापल्या लग्नपत्रिकांच्या. आमच्या घरी पत्रिकांचा ढीग असतो आणि त्यांची मागची बाजू बहुधा कोरी असते. नवा शब्द पहिल्या कप्प्यात. तो कप्पा रोज बघायचा, दुसरा तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, अडला तर कितीही पुढे गेलेली असली तरी परत पहिल्यात. फोनवर अँकी नावाचं ॲप हे काम आपोआप करतं आणि केएमटीच्या बसमध्ये तेच सोयीचं पडतं. पण हाताने लिहिलेली चिठ्ठी मला जास्त लक्षात राहायची. रोज बारा नवे शब्द, आठवड्यातून सहा दिवस, रविवारी फक्त उजळणी. बारा आठवड्यांत साडेआठशेच्या वर शब्द झाले आणि मला तेवढे पुरले. चिठ्ठीच्या मागे मी नुसता अर्थ कधी लिहिला नाही. आधी एक इंग्रजी वाक्य, त्याखाली मराठी शब्द किंवा माणूस.

माणूस हा सगळ्यांत उपयोगी. टॅसिटर्न, रेटिसंट आणि लॅकॉनिक या तिन्हींपुढे यादीत ‘कमी बोलणारा’ एवढंच होतं. परीक्षेत असा गोळाबेरीज अर्थ धोका देतो. आमच्या गावात ही तिन्ही माणसं आहेत. शेजारचे तात्या स्वभावानेच अबोल, शेजारी तासभर बसले तरी शब्द निघत नाही. ते टॅसिटर्न. माझी मावशी एरवी भरपूर बोलते, पण स्वतःच्या आजारपणाचं विचारलं की आवरतं घेते, मनातलं बाहेर येऊ देत नाही. ती रेटिसंट. आणि आप्पा बोलतात, पण दोन शब्दांत. परीक्षेला निघताना मी पाया पडले तर म्हणाले, “जा. हुतंय.” ते लॅकॉनिक. हा शब्द ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतावरून आला. स्पार्टा तिथलंच. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने स्पार्टाला निरोप धाडला की, मी जर तुमच्या मुलखात शिरलो तर शहर जमीनदोस्त करीन. स्पार्टाकडून एका शब्दाचं उत्तर गेलं, ‘जर’. अशी गोष्ट सांगतात. मला ती ऐकताना आप्पाच दिसतात.

गुणाच्या आणि दोषाच्या शब्दांतला फरकही मराठीनेच शिकवला. फ्रूगल म्हणजे काटकसरी, पार्सिमोनिअस म्हणजे चिक्कू. पैसे दोघेही राखूनच खर्च करतात, पण आजीला काटकसरी म्हटलं तर ती हसेल आणि चिक्कू म्हटलं तर जेवायला वाढणार नाही. म्हणून प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात मी अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करायचे. रिकाम्या जागेला चांगला शब्द हवा की वाईट, एवढं कळलं तरी कित्येकदा निम्मे पर्याय गळतात.

शेतीचं घर असेल तर तुमची आणखी एक सोय आहे, कारण लॅटिन शब्दांत शेती आणि गुरंढोरं खच्चून भरलेली आहेत. डिलिरियममधलं लिरा म्हणजे नांगराचं तास. बैल तास सोडून भलतीकडे गेला की जे होतं तेच माणसाच्या मनाचं झालं, म्हणजे भ्रम. रायव्हलच्या मुळाशी ओढा आहे, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल. पाण्याच्या पाळीवरून दोन भाऊ हमरीतुमरीवर आलेले ज्याने पाहिले त्याला हे समजावून सांगायला नको. ग्रेक्स म्हणजे कळप. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जाताना धनगरांची बकरी रस्ताभर पसरलेली मी लहानपणापासून पाहते आहे. कळपात रमणारा तो ग्रिगेरिअस, कळपातून वेगळं काढणं म्हणजे सेग्रिगेट, आणि कळपाबाहेर उठून दिसणारा तो इग्रीजिअस. या शेवटच्याची गंमत अशी की पूर्वी त्याचा अर्थ ‘उत्कृष्ट’ असा होता. आता तो फक्त ढळढळीत वाईट गोष्टीला वापरतात. चिठ्ठीवर मोठी उणे खूण करा.

संस्कृतशी नातं असलेली मुळंही हाताशी ठेवा. कॉग्निझंटमध्ये ज्ञा आहे, मॉरिबंडमध्ये मृ, इग्नॉमिनीमध्ये नाम, इक्विव्होकलमध्ये वाच्. पण नुसत्या आवाजावरून अंदाज करू नका, मी त्यात भाजले आहे. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, पण अर्थ आहे गलितगात्र करणे. नॉइसमचा नॉइजशी संबंध नाही, त्याचा अर्थ उग्र घाण वासाचा. रेस्टिव्ह म्हणजे निवांत नव्हे, चुळबुळणारा. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती. अशांसाठी मी लाल शाईच्या वेगळ्या चिठ्ठ्या केल्या होत्या आणि त्या पाचव्या कप्प्यात पोहोचल्या तरी कधी काढून टाकल्या नाहीत.

साध्या शब्दांनी मला जास्त फसवलं. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावात चॅम्पियन कोणाला म्हणतात ते सांगायला नको, पण जीआरईत तो बहुतेक वेळा क्रियापद म्हणून येतो, म्हणजे एखाद्या मताची किंवा माणसाची बाजू उचलून धरणे. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. या कामासाठी चॅम्पियन हे क्रियापद अगदी नेमकं बसतं, आणि मी चिठ्ठीवर तेच लिहिलं होतं. क्वालिफाय म्हणजे विधानाला अट घालून ते मवाळ करणे. फ्लॅग म्हणजे दमून ढिलं पडणे. वॉन्ट म्हणजे उणीव. टेंडर म्हणजे देऊ करणे, राजीनामा टेंडर करतात तसं. ‘हा येतो मला’ म्हणून आपण असा शब्द ओलांडतो आणि नेमका तिथे गुण जातो.

आता वाक्याचं. इंग्रजी वाक्य वाचून लगेच पर्यायांकडे धावायचं नाही. पर्याय हाताने झाकायचे आणि रिकामी जागा आधी मराठीत भरायची. समजा वाक्य असं आहे: सरपंच वरवर ____ वाटत, तरी ग्रामसभेत एकदा सुरू झाले की तासभर थांबत नसत. या वाक्याची किल्ली ‘तरी’त आहे. पुढे बडबड आहे, म्हणजे जागेत तिच्या उलट काही हवं, ‘अबोल’ किंवा ‘मितभाषी’. आता पर्यायांवरचा हात काढा आणि अबोलची भावंडं शोधा. इंग्रजीत दो, डिस्पाइट, फार फ्रॉम हे शब्द हेच काम करतात. सहा पर्यायांच्या प्रश्नात एक सापळा असतो, दोन पर्याय एकमेकांचे सख्खे समानार्थी, पण वाक्यात न बसणारे. जोडी दिसली म्हणून उचलू नका, आधी वाक्याला विचारा. मराठीत विचार केला की वेळ जातो असं मला क्लासमध्ये सांगितलं होतं. पहिला महिना खरंच जातो. तिसऱ्या महिन्यात मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द एकदमच यायला लागले.

उताऱ्यांसाठी मी महिनोन्‌महिने करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसत असे. 1850 पासूनची संस्था आहे. रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख, पेन्सिल हातात घेऊन. अनोळखी शब्दाखाली रेघ मारायची नाही, दैनिक सगळ्यांचं असतं. वहीत उतरवायचा, वाक्यासकट. आणि शेवटी अग्रलेखाचं म्हणणं दोन मराठी वाक्यांत लिहायचं. ते जमलं नाही तर लेख समजलाच नव्हता असं धरायचं. चिठ्ठीवरचा शब्द तिथे अवचित भेटला की वाटायचं, यात्रेच्या गर्दीत गावचं माणूस दिसलं.

शेवटच्या पंधरा दिवसांत नवा शब्द एकही घेतला नाही. पहिल्या कप्प्यात उरलेल्या साठेक चिठ्ठ्या, लाल शाईच्या चिठ्ठ्या, आणि ईटीएसच्या, म्हणजे जीआरई घेणाऱ्या संस्थेच्या, मोफत पॉवरप्रेप सराव परीक्षा, घड्याळ लावून. या सराव परीक्षा सुरुवातीलाच उडवू नका. एक अंदाजासाठी आधी, एक शेवटी.

परीक्षा मी पुण्याला दिली. आदल्या दिवशीच गेले, सकाळी एसटीने पोहोचून लगेच बसायचं असं ठरवू नका, अंतर मोठं आहे. पासपोर्ट बरोबर होता, त्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय हे महिनाभर आधीच तपासलं होतं. पहिला भाग बरा गेला. दुसऱ्यात तीन रिकाम्या जागांचा एक प्रश्न आला, त्यातला एकही पर्याय माझ्या खोक्यात नव्हता. मी खुणा लावल्या, पहिल्या जागेला उणे, दुसरीला अधिक, तिसरीला उणे, आणि तेवढ्यावर निवडले. बरोबर आले की नाही ते कधीच कळत नाही. संपल्यावर पडद्यावर व्हर्बलचा आकडा लगेच दिसला. बाहेर येऊन आप्पांना फोन केला आणि 156 सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं. ये.”