व्हॅम्पायरची गोष्ट पहिल्यांदाच वाचताय? मग सुरुवात अशी करा

वाचायचा कंटाळा असलेली माणसं बहुतेक वेळा एकदम 'ड्रॅक्युला' ही रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरची जाडजूड कादंबरी आणतात, पन्नास पानं होतात न होतात तोच तो कपाटात जातो आणि मग 'हा प्रकार आपल्यासाठी नाही' असं ठरतं. तसं करू नका. छोट्यापासून सुरुवात करा, आणि हातात घेतलं म्हणजे संपवलंच पाहिजे हे डोक्यातून काढून टाका.

पहिलं पुस्तक, शेरिडन ल फानूचं 'कार्मिला'. १८७२ चं, म्हणजे ड्रॅक्युलाच्या २५ वर्षं आधीचं, आणि पानं त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाहीत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. प्रस्तावना असली तर सोडून द्या, त्यात बऱ्याचदा सगळी गोष्टच फोडलेली असते. पहिल्या रात्री फक्त पहिलं प्रकरण वाचायचं. सहा वर्षांची लॉरा रात्री जागी होते, पलंगाशी एक अनोळखी सुंदर मुलगी असते, ती तिला जवळ घेऊन झोपवते आणि मग छातीत दोन सुया खुपसल्यासारखं होऊन लॉरा किंचाळते. खोलीत कुणीच सापडत नाही, सगळे म्हणतात स्वप्न पडलं असेल, पण दाई गादीवरच्या खळग्यावर हात ठेवते तर ती जागा अजून गरम! एवढं वाचून पुढे काय होतं असं वाटलं तर तुमचं काम झालं, नाही वाटलं तर खुशाल थांबा.

मग ड्रॅक्युला, पण तुकड्यातुकड्यांनी. ब्रॅम स्टोकरचं हे १८९७ चं पुस्तक डायऱ्या, पत्रं आणि तारांनी बनलंय, त्यामुळे एका बैठकीत एक-दोन नोंदी वाचल्या तरी चालतं. आधी पहिली चारच प्रकरणं घ्या, ती वेगळी कथा म्हणून वाचली तरी पुरतात. काउंट ड्रॅक्युलाच्या गढीत मुक्कामाला आलेला जोनाथन दाढी करत असतो, खांद्यावर हात पडतो, मागे काउंट उभा आहे पण आरशात मात्र कुणीच नाही, दचकून हनुवटीला कापतं आणि रक्त बघून काउंट गळ्याकडे झेपावतो. मग सातव्या प्रकरणातली डेमेटर जहाजाची नोंदवही वाचा. काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरातून निघालेलं जहाज, खलाशी एकेक करून गायब होतायत आणि कप्तान मात्र लिहीतच राहतोय. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त धडकी भरते ती इथे.

मधे काउंटच्या मागावर असलेल्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगची लांबच लांब भाषणं येतात, ती भरभर चाळली तरी काही बिघडत नाही. इंग्रजी जड जात असेल तर लिब्रिवॉक्स या वेबसाइटवर फुकट ऑडिओ आहे, तो ऐकत ऐकत पानावर नजर ठेवा.

आणि सिनेमांतले नियम बाजूला ठेवा. उन्हात व्हॅम्पायर मरतो हे रूढ झालं ते १९२२ च्या 'नोस्फेरातू' सिनेमापासून, स्टोकरचा काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो.

जुनी भाषा अजिबातच झेपली नाही तर अ‍ॅन राइसचं १९७६ चं 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' बघा, त्यात व्हॅम्पायर स्वतःच बसून आपली कहाणी सांगतो. मराठीतच वाचायचं असेल तर नारायण धारपांची 'लुचाई' आहे, ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली, तेव्हा दोन्ही पाठोपाठ घेऊ नका, नाहीतर दुसऱ्यातली गंमत जाते. ज्यांना भीतीच नकोय त्यांनी प्रेमकथेच्या अंगाने जाणारं 'ट्वायलाइट' बिनधास्त घ्यावं, कुणी नाक मुरडलं तरी.