ध्रुवप्रदेशाची सहल: या चुका ठाण्यातच टाळा

पावसाळा सरल्यावर येऊरच्या वाटांवरून घरी आल्यावर मोज्यांतली आणि बुटांच्या नाड्यांतली कुसळे काढत बसणे ठाणेकरांच्या अंगवळणी पडले आहे. अंटार्क्टिकाच्या सहली नेमक्या त्यानंतर, नोव्हेंबर ते मार्च या काळात असतात आणि तीच सॅक, तेच जॅकेट पुन्हा बॅगेत भरले जाते. माझ्या मते सर्वांत गंभीर चूक हीच आहे. येऊरचे बी बर्फाळ प्रदेशात बहुधा रुजणार नाही. पण हिमालयातल्या ट्रेकला वापरलेल्या बुटांच्या खाचांत थंडीला सरावलेल्या गवताचे बी असू शकते, आणि ते रुजू शकते. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की संशोधन केंद्राजवळ १९८० च्या दशकात पोआ अॅन्युआ हे परके गवत उगवले आणि पुढे पसरत गेले, म्हणून ते उपटून काढण्याची मोहीमच हाती घ्यावी लागली.

जहाजावर बूट धुऊन घेतातच, असे म्हणून घरची सफाई टाळू नये. बूट ब्रशने घासून पूर्ण वाळवावेत, खिसे उलटे करावेत, आणि वेल्क्रोच्या पट्ट्या, सॅकच्या शिवणी व कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचे पाय व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावेत. इतके करूनही तिथे एखादे कुसळ सापडलेच, तर ते झटकू नये. पिशवीत बंद करून जहाजावरच्या मार्गदर्शकाकडे द्यावे.

दुसरी चूक बुकिंगच्या वेळी होते. मोठे जहाज म्हणजे अधिक सोय, या समजुतीने पैसे भरले जातात. मात्र पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर कोणालाच उतरवता येत नाही, आणि लहान जहाजांवरूनही एका ठिकाणी एका वेळी शंभरच पर्यटक उतरू शकतात. म्हणून प्रवासीसंख्या आणि ती कंपनी १९९१ साली स्थापन झालेल्या ‘आयाटो’ या सहल-संचालकांच्या संघटनेची सदस्य आहे का, हे दोन प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावेत.

खाण्याच्या बाबतीत आपली मंडळी हमखास चुकतात. चिवडा, खाकरा, दाण्याची चिक्की जहाजावर खुशाल खावी, पण किनाऱ्यावर उतरताना खिशात काहीही ठेवू नये. तिथे स्वच्छतागृहही नसते, तेव्हा ज्येष्ठांनी जहाजावरूनच तयारीने निघावे.

पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहायचे असते. हे अंतर एका मोटारीच्या लांबीहून थोडे अधिक भरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा मोजून पाहिले की डोळ्यांत बसते. पेंग्विन स्वतःहून जवळ आला, तर स्तब्ध उभे राहावे किंवा सावकाश मागे सरून त्याची वाट मोकळी करावी. छायाचित्रासाठी जमिनीवर गुडघे टेकणे किंवा सॅक खाली ठेवणे हीदेखील चूकच आहे, कारण २०२४ च्या फेब्रुवारीत मुख्य अंटार्क्टिका खंडावर घातक बर्ड फ्लू आढळला आहे आणि त्याचा विषाणू जमिनीवरच्या विष्ठेतून कपड्यांना व सॅकला लागू शकतो. भुसभुशीत बर्फात पाय खोल रुतल्यास तो खड्डा बुजवूनच पुढे जावे. त्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर येता येत नाही.

उत्तर ध्रुवाकडचे नियम वेगळे आहेत, हे अनेकांच्या गावीही नसते. नॉर्वेच्या स्वालबार्ड या द्वीपसमूहात २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. तेव्हा होडी आणखी पुढे घेण्याचा आग्रह मार्गदर्शकाकडे धरू नये. त्याऐवजी घरून चांगली दुर्बीण न्यावी आणि ती ऐरोलीच्या खाडीत रोहित पाहताना आधी हाताळून घ्यावी.

वारा वाढला की ठरलेले उतरणे ऐनवेळी रद्द होते. अशा वेळी समूहाने मोहीमप्रमुखाशी हुज्जत घालणे धोक्याचे असते. परतीचे विमान जहाज बंदरात लागण्याच्या दिवशीचेच काढलेले असेल, तर ही घालमेल अधिकच वाढते. म्हणून मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवूनच तिकीट काढावे.