विंडोज ११ वर जाताना या चुका टाळा: आधी कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी बघा

विंडोज १० ‘बंद पडलं’ असं ऐकून दुकानातला, ऑफिसातला कॉम्प्युटर घाईघाईने बदलायला निघालेले बरेच जण आहेत. बंद काहीही पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट मिळणं थांबलं, एवढंच. मशीन चालू होतं, टॅली उघडते, प्रिंट निघते. पण त्याच मशीनवरून नेट बँकिंग आणि जीएसटीचं पोर्टलही चालतं, आणि पुढे सापडणारी भोकं बुजवायला कोणी येणार नाही. त्यामुळे निर्णय घ्यावा लागेलच. मात्र तो आज संध्याकाळी घ्यायचं कारण नाही.

घरगुती वापराच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल, तर सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते. सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट होते, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड्स पॉइंट वापरावे लागतात किंवा ३० डॉलर, म्हणजे तेवढी स्थानिक रक्कम भरावी लागते. इथे एक गैरसमज हमखास होतो. सिंकच्या त्या पर्यायाचं नाव ‘बॅकअप’ आहे, म्हणून आपल्या फाइलींचा बॅकअप झाला असं लोक धरून चालतात. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, फुकट जागा ५ जीबी. लग्नाच्या एका अल्बमलाही ती पुरत नाही.

फक्त मशीन तपासलं, बाकीचं राहिलं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मशीनला विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं, हिरवी खूण आली, अपग्रेड दाबलं. ते अॅप प्रोसेसर, मेमरी, टीपीएम ही सुरक्षेची चिप बघतं. तुमच्या पोटापाण्याचं काम ज्या चार वस्तूंवर चालतं, त्या ते बघत नाही.

म्हणून आधी कॉम्प्युटरच्या मागे वाका आणि कागदावर यादी करा. प्रिंटर कोणता, किती जुना? डिजिटल सिग्नेचरचा टोकन? बोटांचे ठसे घेणारं यंत्र? स्कॅनर, बारकोड प्रिंटर, बिलाचा डॉट मॅट्रिक्स? डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक असतं (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही), तेही लिहा. प्रत्येकासाठी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन विंडोज ११ चा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. जो सापडत नाही, तिथे थांबा आणि ती वस्तू विंडोज ११ वर चालवणारा कोणीतरी गाठा.

जुनी सॉफ्टवेअरं याच यादीत येतात. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे एखाद्या पतसंस्थेत किंवा अडत दुकानात जुन्या ३२-बिट विंडोजवर डॉसच्या काळातला फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम अजून चालत असेल, तर तो ६४-बिटवर थेट उघडणारच नाही. जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्ससारखी सोय करता येते, पण मार्चअखेरचा हिशेब तिच्या भरवशावर टाकण्याआधी महिनाभर चालवून बघा. पेजमेकर ७ हा पानं मांडायचा प्रोग्रॅम २००१ सालचा. त्यावर लग्नपत्रिका आणि साप्ताहिकं अजून लागतात. त्याचीही परीक्षा दुसऱ्या मशीनवर घ्या, कमावत्या मशीनवर नको.

‘डी ड्राइव्हवर आहे, काही होत नाही’

आपल्याकडे टेक्निशियन एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि डेटा डी मध्ये ठेवायला सांगतात. विंडोज बिघडली तर त्याचा उपयोग होतो, हे खरं. पण डिस्क एकच आहे. ती गेली की तिन्ही अक्षरं जातात, आणि विंडोज टाकताना चुकीच्या पार्टिशनवर डिलीट दाबायला एक सेकंद लागतो. बॅकअप म्हणजे मशीनपासून काढून कपाटात ठेवता येईल अशी वेगळी डिस्क. कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा.

‘फॉरमॅट मारून देतो, एकदम फ्रेश होईल’ या वाक्याला लगेच हो म्हणू नका. चालू ६४-बिट विंडोज १० वरून थेट अपग्रेड केलं तर फाइली, सॉफ्टवेअर, फॉन्ट जागेवर राहतात. फॉरमॅट मारलं की टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची फाइल, सगळं आठवून परत आणावं लागतं. मराठी काम करणाऱ्यांनी फॉन्टचं फोल्डर आवर्जून कॉपी करावं. युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे फॉन्ट गेले, की जुन्या पत्रिकेत देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. साधं मराठी टायपिंग मात्र अडत नाही. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात.

बायोसमध्ये हात घालण्याआधी

‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ असं आलं म्हणजे मशीन भंगारात, असं नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर असेल आणि तरी टीपीएम नाही म्हणत असेल, तर ते बहुधा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडतं. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर ‘लेगसी’ (जुनी पद्धत) दिसत असेल, तर डिस्क आधी जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. डिस्कची मांडणी न बदलता बायोसमध्ये थेट यूईएफआय ही नवी पद्धत चालू केली, तर विंडोज सुरूच होणार नाही.

याहून मोठा खड्डा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या (एन्क्रिप्ट करणाऱ्या) विंडोजच्या सोयीचा. डिस्क एन्क्रिप्ट असताना बायोसमधल्या या सेटिंग्ज हलवल्या, तर पुढच्या वेळी निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. घरगुती मशीनवर ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. आता प्रश्न, कोणाच्या अकाउंटवर? मशीन दुकानातून सेट करून आलं असेल आणि त्या मुलाने स्वतःचा ईमेल टाकून मोकळं केलं असेल, तर की त्याच्याकडे आणि डेटा तुमचा. म्हणून आधी बिटलॉकर चालू आहे का बघा, की कागदावर लिहून घ्या, बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, मग बायोस उघडा. नवीन मशीन घेतलं तर अकाउंट आपल्यासमोर, आपल्या ईमेलने उघडून घ्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर अकाउंटने लॉगिन होताच पुष्कळ मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं.

प्रोसेसर खरोखरच जुना असेल तर ‘रुफस’ नावाच्या साधनाने अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे गल्लोगल्ली आहेत. चालतं ते. पण अशा मशीनला अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा खटाटोप चालला आहे. माझ्या मते कमावत्या मशीनवर हा जुगार नको. मुलांच्या अभ्यासाचं, ब्राउझरपुरतं मशीन असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून बघा. टॅली आणि टोकनवाल्या मशीनवर मात्र ते सुचवणार नाही. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा. अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर काम करणारा माणूस दिवसभर गोल फिरणारं चक्र बघत बसतो.

वेळही बघा. जीएसटीआर-३बीची २० तारीख किंवा जुलैअखेरचे रिटर्न डोक्यावर असताना अपग्रेड दाबू नका. शनिवार दुपार बरी, आणि यूपीएस चालू स्थितीत हवा.

अडकलं तर

७००७० ने संपणारा एरर कोड आला, तर सी ड्राइव्हवर जागा कमी आहे. सी१९००१०१ असा कोड येऊन जुनी विंडोज परत आली, तर संशय ड्रायव्हरवर. कीबोर्ड, माउस, मॉनिटर सोडून सगळ्या वायरी काढा, बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका, पुन्हा चालवा. अपग्रेडनंतर एखादं जुनं लॉक ओळखलं जात नसेल तर विंडोजच्या सुरक्षा सेटिंग्जमधल्या ‘कोअर आयसोलेशन’मध्ये मेमरी इंटिग्रिटी या संरक्षणाने त्याचा ड्रायव्हर अडवला आहे का ते बघा. ते संरक्षण कायमचं बंद करण्यापेक्षा कंपनीकडे नवा ड्रायव्हर मागणं बरं.

अपग्रेड झाल्यावर परत विंडोज १० वर जायला १० दिवस मिळतात. ते संपण्याआधीच कमांड देऊन मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. जागा मोकळी करायच्या नादात ‘आधीची विंडोज’ डिलीट केली की हा रस्ता बंद. तेव्हा पहिल्याच आठवड्यात यादीतली प्रत्येक वस्तू एकदा खऱ्या कामाला लावा: चेक छापा, टोकनने सही करा, अंगठा घ्या, मागच्या वर्षीचं बिल उघडून प्रिंट काढा.