ऑटोइम्युनिटीत नवीन आहात? पेशी पाठ करत बसू नका

या फिल्डमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांच्या अभ्यासात, आलेला जवळपास प्रत्येक जण आधी टीएच१, टीएच१७ (दोन्ही टी सेलचे प्रकार), बी सेल, मॅक्रोफाज अशा प्रतिकारपेशींचा तक्ता करून भिंतीला चिकटवतो आणि पहिला पेपर हातात घेतला की गोंधळतो. ज्युनियर्सना माझं एकच सांगणं असतं, उलटीकडून या. एखादं औषध घ्या, ते नेमकं काय बंद पाडतं ते बघा आणि मग पेशंटचं काय झालं ते वाचा.

रिटक्सिमॅबच घ्या ना. मूळचं लिम्फोमाचं (लसिकापेशींच्या कॅन्सरचं) औषध, १९९७ चं, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांच्या आजारासाठी मान्यता मिळाली २००६ मध्ये. ते पृष्ठभागावर सीडी२० हे प्रथिन असलेल्या बी सेल मारतं, रक्तात त्या जवळपास दिसेनाशा होतात पण एकूण अँटीबॉडी बऱ्यापैकी टिकून राहतात, कारण त्या बनवणाऱ्या प्लाझ्मा सेलवर (बी सेलपासूनच तयार झालेल्या पेशींवर) सीडी२० नसतंच! तरीही बऱ्याच जणांच्या सांध्यांची सूज उतरते. म्हणजे बी सेलचे इतरही उद्योग असणार, आणि असतातच, टी सेलला अँटिजेन (ज्यावर हल्ला करायचा तो रेणू) दाखवणं, सायटोकाइन (पेशींमधले निरोप्या रेणू) सोडणं वगैरे.

टीएनएफ हे असंच एक सायटोकाइन, ते अडवणारी औषधं रुमॅटॉइडमध्ये छान चालतात, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात) मात्र आजार बळावला. आयएल-१७ हे दुसरं सायटोकाइन अडवलं की सोरायसिस झपाट्याने कमी होतो, क्रोन्समध्ये (आतड्याच्या आजारात) तेच करून पाहिलं तर काहींचा त्रास वाढला, कारण आतड्याचं अस्तर शाबूत ठेवायला आयएल-१७ लागतं. त्यामुळे अमुक सायटोकाइन वाईट असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, कुठल्या आजारात आणि कुठल्या अवयवात?

आता टीरेग, म्हणजे बाकीच्या प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या टी सेल. २०२५ च्या नोबेलनंतर (ब्रंकॉव, रॅम्सडेल, साकागुची) पीएचडीच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न येणार असं धरून चला. फॉक्सपी३ (टीरेगची ओळख मानलं जाणारं प्रथिन) म्हटलं की उत्तर संपलं असं वाटतं पण पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. फॉक्सपी३ पेशीच्या आत असतं, ते स्टेन करायला पेशी फिक्स करून तिला भोकं पाडावी लागतात, मग ती जिवंत राहत नाही, कल्चर कशाचं करणार? म्हणून माणसांच्या टीरेग जिवंत सॉर्ट करताना पेशीच्या पृष्ठभागावरचं सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी असा गेट (निवडीची चाळणी) लावतात. वर माणसाच्या साध्या टी सेलही ॲक्टिव्हेट झाल्या की थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात, म्हणजे नुसत्या मार्करवर भरवसा नाही, ती पेशी बाकीच्यांना खरंच दाबते का याचा सप्रेशन अ‍ॅसे (दाबण्याची चाचणी) लावावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण रिव्ह्यूअर तेच मागतो.

वाचायला सुरुवात कुठून करू असं विचाराल तर जर्मनीतल्या एर्लांगेनच्या टीमचा ल्युपसमधला (अनेक अवयवांवर हल्ला करणाऱ्या ऑटोइम्यून आजारातला) कार-टी पेपर, २०२२ चा. कार-टी म्हणजे पेशंटच्याच टी सेल प्रयोगशाळेत बदलून बी सेल मारायला परत देणं. पेशंट पाचच, पण बी सेल परत येतात तो भाग सावकाश वाचा, आलेल्या पेशी बहुतेक नव्या, नाइव्ह (अजून कुठल्याही अँटिजेनशी गाठ न पडलेल्या) होत्या आणि फॉलोअपमध्ये औषधं बंद असूनही आजार शांत होता.